दादांचं ताट

१२ मार्च १९७३, सोमवार

अंग आंबलंय. काल बेलापूरला ह्यांच्या आत्याबाईंना माती देऊन संध्याकाळच्या एस्टीनं परत. घरात पाण्याचा थेंब नाही. टँकर येऊन गेला म्हणे, आपण नव्हतो. पाय न धुताच निजलो.

लिहायचं ते वेगळंच. कब्रस्तानातून बाहेर पडताना आईंनी (सासूबाईंना मी आईच म्हणते) ह्यांच्या थोरल्या भावाचा, दादांचा, हात धरला. सगळी भावकी बघत होती. म्हणाल्या, "ईस्टरला जेवाया ये." दादांनी हात सोडवून घेतला नाही. खाली बघत राहिले. मग म्हणाले, "येतो."

एवढंच. हे शेजारी उभे होते, टोपी झटकत राहिले. धूळ नव्हती टोपीला. परतताना एस्टीत आई खिडकीशी बसून एकट्याच हसत होत्या. सख्खी नणंद गेली त्या दिवशी. मला त्यांचा राग आला, तरी त्यांची पिशवी मी माझ्या मांडीवर घेतली.

१३ मार्च

सकाळपासून '५७ साल डोक्यात. लेकीला, प्रेमाला, वेणी घालताना केस ओढले गेले, ओरडली.

माझं लग्न होऊन दोनच महिने झाले होते. दादांनी आदल्या दसऱ्याला नागपूरला जाऊन दीक्षा घेतलेली, पण घर सोडलं नव्हतं. या घरची रीत अशी की वर्षभर जेवणावर प्रार्थना घरचा कर्ता करतो, पण ईस्टरच्या जेवणाला थोरला मुलगा. पणजोबांपासून चालत आलेलं. पंगत बसली. मामंजी म्हणाले, शामू, प्रार्थना. दादा म्हणाले, बाबा, माझ्या तोंडून आता ती खोटी होईल. मामंजी ताटावरून उठले. मग दादा उठले. मग हळूहळू सगळेच. ईस्टरचं मटण पहिल्यांदा माझ्या हातचं झालेलं. भगुणंभर तसंच राहिलं. संध्याकाळी गल्लीत वाटून टाकलं. सगळ्यांनी चांगलं झालंय म्हणून सांगितलं, मला ते शिव्यांसारखं लागलं.

दुसऱ्या दिवशी दादा आणि माझ्या जाऊबाई, अक्का, बेलापूरला गेले, दादा साखर कारखान्यात लागले. तेव्हापासून मातीला येतात, लग्नाला उभ्या उभ्या येतात. ह्या घरात जेवत नाहीत. मामंजी गेले तेव्हा खांदा दिला आणि पाणी पिऊन गेले.

लोक म्हणतात सवलतींसाठी गेले. सवलती पुढं आल्या. दादा आधी गेले. हे मी एकदा महिला मंडळात बोलले तर लगेच पुढचा विषय निघाला.

१९ मार्च, सोमवार

धुळवड. गावात यंदा रंग नाही, राखच. पाणी कुणाकडं आहे. माझ्या शिवणवर्गाला चार मुली आल्या, बाकीच्या आयांबरोबर दुष्काळी कामाची खडी फोडायला.

ह्यांच्याशी बोलायला बसले. म्हटलं, दादा येणार, तर प्रार्थनेचं काय करायचं? हे म्हणाले, "काय करायचं म्हणजे? इतकी वर्षं मी करतो, मीच करीन." म्हटलं, आणि आई? दर ईस्टरला ताटं वाढून झाली की आई जरा वेळ थांबतात. दाराकडं बघत नाहीत, पण थांबतात. मग हे घसा खाकरतात आणि सुरू करतात. यंदा दादा समोर बसलेले असतील. आई त्यांनाच सांगणार. मला हे उजेडासारखं स्वच्छ दिसतंय.

हे म्हणाले, मग नाही म्हणेल तो. पुन्हा '५७.

"मग?"

"मग मला नको विचारू." पेपर तपासायला घेतले. शाळामास्तराशी लग्न केलं की हे ठरलेलं, वादात हरले की पेपर.

२ एप्रिल

ईस्टरआधीचा उपासकाळ सुरू झाल्यापासून मटण नाही, अंडंही नाही. तरी स्वप्नात मटणच शिजवत होते. मीठ टाकायला गेले तर डब्यात राख. आईंना सांगितलं. म्हणाल्या, "पोट साफ न्हाई तुजं."

आज चर्चच्या पाळकसाहेबांकडं गेले. मनात असं की त्यांनाच जेवायला बोलवावं. पाळक घरात असला की प्रार्थना तोच करणार, दोन्ही भाऊ मोकळे. चांगली युक्ती वाटत होती. पाळकसाहेबांनी ऐकून घेतलं आणि त्यांचे डोळे चमकले. म्हणाले, ही प्रभूनंच दिलेली संधी आहे, शमुवेलला परत आणायची. मी येईन, त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करीन.

चहा पिऊन उठले. बोलावलं नाही. माणूस वाईट नाही. पण दादा जेवायला येताहेत, हरवलेल्या मेंढरासारखं सापडायला नाही.

८ एप्रिल, रविवार

बोकडाचं ठरलं. आमचा, शेजारच्या दोन घरांचा आणि दवाखान्यातल्या कंपाउंडरचा मिळून एक, चार वाटे. हे बाजारच्या दिवशी घोडेगावला जाऊन आले. जनावरं चाऱ्याविना उभी, विकणारेच जास्त, घेणारा नाही. हे उदास होऊन आले. म्हणाले, एका म्हाताऱ्यानं बैलाच्या शिंगांना तेल लावून आणलं होतं, विकायला. बोकड बारीक आहे पण कोवळा. शेवग्याच्या पाल्यावर दोन आठवडे निघतील.

मग मला एकदम सुचलं. दादा मटण खातात का?

बुद्धाचा धर्म म्हणजे अहिंसा. शाळेत शिकलोय, हरणाला कुशीत घेतलेलं चित्र होतं. ज्यासाठी त्यांनी घर सोडलं त्याच्याविरुद्ध त्यांच्याच ताटात मटण वाढायचं? ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "माहीत नाही गं." एका ताटात जेवून वाढलेले दोघं. आता भाऊ काय खातो हे भावाला माहीत नाही. मला फार वाईट वाटलं, त्यांच्यासाठी.

आईंना विचारावं तर त्या म्हणणार, शामूला नळी आवडती. त्यांचा शामू वीस वर्षांचाच आहे अजून. अक्कांना निरोप धाडून विचारावं तर ते बरं दिसत नाही. ठरवलं, दादांसाठी सगळं निराळं करायचं. मटणाचा चमचासुद्धा लागता कामा नये.

१४ एप्रिल, शनिवार

जयंती. पलीकडच्या गल्लीतून मिरवणूक निघाली. निळे झेंडे, लेझीम. निम्मे आमच्याच भावकीतले. मिरवणूक आमच्या दारावरून गेली तेव्हा आई उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या आणि प्रेमाला म्हणाल्या, हंडा आण. भरलेला एकच हंडा होता. पोरं ओंजळीनं पाणी प्यायली. मी रात्रीच्या भाकरीचं पीठ निम्म्या पाण्यात मळलं. रेशनच्या मिलो ज्वारीची भाकरी, तशीही थापताना फाटते.

हे चर्चच्या मंडळीचे पंच. आतल्या खोलीत बसून होते. मिरवणूक गेल्यावर बाहेर आले आणि रिकामा हंडा उचलून आत ठेवला.

१५ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

झावळ्या कुठल्या यंदा. कडुलिंबाचे डहाळे घेऊन फिरलो. पोरांना फरक पडत नाही.

दुपारी दादांच्या जेवणाचा विचार. भरलेली वांगी (आईंच्या माहेराहून आणवायची, तिथं विहिरीला पाणी आहे), मटकीची उसळ, पुरणपोळी, कट. कट सगळ्यांनाच. शेजारच्या काकूंकडून जर्मनचं नवं पातेलं मागून आणलं, मटण न लागलेलं. ताटही नवं, प्रेमाला बक्षीस मिळालेलं स्टीलचं. चूलसुद्धा निराळी, अंगणात तीन दगडांची. काकू म्हणाल्या, कोण एवढा पाहुणा? म्हटलं, घरचाच.

आणि प्रार्थनेचंही सुचलं. वाटण वाटता वाटता सुचलं. प्रार्थना ताटावरच करायची असं कुठं आहे? स्वयंपाक झाला की भांड्यांवरच करायची. एस्टी अकराला येते. दहा वाजता चुलीपाशी उभं राहून हे करतील, अन्न आशीर्वादित झालं. मग दादा आले की पंगत बसवायची आणि सरळ जेवायचं. कुणी कुणाला काही म्हणायला नको, कुणी नाही म्हणायला नको.

ह्यांना सांगितलं. आधी हसले, मग म्हणाले, नावाप्रमाणे बायबलातली मार्थाच तू, सगळं चुलीपाशीच उरकणार. पण तयार झाले. आईंना नाही सांगितलं. मला वाटलं, पंगत बसल्यावर गडबडीत लक्षात येणार नाही.

स्वतःवर खूष होऊन झोपले.

१९ एप्रिल, गुरुवार

संध्याकाळी प्रभुभोजन. चर्चमध्ये माणसं खडीवरून थेट आलेली, हाताला फोड, प्याला धरवत नव्हता. आईंनी शेजारणीचा हात धरून तिच्या ओठाला लावला.

डाळ निवडली. गहू रेशनचा, चाळून किडे काढले. गूळ आहे. रश्शाचा येसूर मागच्या महिन्यात केलेला, वास चांगला धरलाय.

२० एप्रिल, उत्तम शुक्रवार

उपास. बारा ते तीन. प्रभूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात, ह्यांच्या वाट्याला यंदा आईविषयीचा आला. चिठ्ठ्या टाकून ठरतं, कुणी मुद्दाम दिला नाही. चांगलं बोलतात हे नेहमी. आज दोन वाक्यांनंतर थांबले. आई पहिल्या ओळीत. हे कागदाकडं बघत राहिले आणि म्हणाले, यापुढं मला सांगता येत नाही, आणि खाली बसले. लोकांना वाटलं उपासानं चक्कर आली.

२१ एप्रिल, शनिवार

पुरण शिजवून वाटलं. पाट्यावर हात भरून आले. खोबरं भाजलं, कांदे निखाऱ्यावर. मामंजींच्या थडग्याला चुना दिला, हे आणि प्रेमा जाऊन आले. टँकर आला. रांगेत आई स्वतः जाऊन उभ्या राहिल्या, कुणाचं ऐकेनात. दोन हंडे मिळाले. रांगेतल्या बायका म्हणाल्या, म्हातारे, तुला कशाला एवढं? तर आई म्हणाल्या, "माजा ल्योक येतोय उद्या." धाकटा इथंच राहतो, तो ल्योक नव्हे जणू. हे ते ऐकून हसले. मला नाही हसू आलं.

वांगी आली. काटेरी, ताजी.

२२ एप्रिल, ईस्टर

आता संध्याकाळ. क्रमानं लिहिते, नाहीतर उद्या मला हवं तसं आठवेल.

पहाटे कब्रस्तानात उपासना, गाणी म्हणत गेलो, उजाडताना परत. रहीमभाई मुलाणी तोवर आलेले. वाटे पडले. आठला मटण चुलीवर. अंगणातल्या चुलीवर दादांची वांगी आणि उसळ, तिथं प्रेमाला बसवलं आणि बजावलं, इकडचा पळा तिकडं नाही. दहा वाजता ह्यांनी चुलीपाशी उभं राहून प्रार्थना केली. आई तेव्हा आतल्या खोलीत लुगडं नेसत होत्या. प्रार्थना छान झाली. मटणाला उकळी फुटलेली, वाफ ह्यांच्या चष्म्यावर.

एस्टी वेळेवर. दादा आणि अक्का, मुलं परीक्षेमुळं आली नाहीत. दादा वाळलेत. केस सगळे पांढरे. उंबऱ्याबाहेर चपला काढून उभे राहिले, आत यावं की नाही असे. आई म्हणाल्या, "आरं ये की," आणि रडल्या. अक्कांनी पिशवीतून साखरेचं पुडकं काढून माझ्या हातात दिलं.

ओसरीवर पंगत. एका बाजूला हे, कंपाउंडर, शेजारचे. समोर आई, दादा, अक्का, प्रेमा. मी वाढायला. दादांपुढं स्टीलचं ताट, वांगी, उसळ, पोळी. बाकी सगळ्यांपुढं मटण. मी खुशीत होते. मला वाटत होतं, आता हे बघतील आणि म्हणतील, किती विचार केलास.

दादांनी ताटाकडं बघितलं. मग अक्कांच्या ताटाकडं. त्यांच्या ताटात मटण होतं, अक्कांचं मी विसरलेच होते. मग अंगणातल्या तीन दगडांच्या चुलीकडं बघितलं. नव्या पातेल्याकडं. मग माझ्याकडं. आवाज चढवला नाही.

"मार्था, माजं येगळं मांडलंस व्हय?"

मला काही कळेचना. म्हटलं, दादा, तुम्ही खात नसाल म्हणून, कशाला काही लागू नये म्हणून. बोलता बोलता माझ्याच कानावर माझे शब्द पडले. निराळी चूल. निराळं भांडं. लागू नये. या घरातल्या, या गल्लीतल्या माणसाला मी हे करून ठेवलं होतं. दादांच्या पणजोबांनी गावच्या कार्यात कुठं बसून, कशात जेवण घेतलं ते आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. त्यापायीच आमचे पणजोबा या देवाकडं आले आणि त्यापायीच दादा त्या देवाकडं गेले. आणि मी प्रेमानं, सात दिवस राबून, तेच. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

अक्का म्हणाल्या, अगं आमच्याकडं आयतवारी कोंबडी असते. त्या सावरायला बोलल्या. कुणी हसलं नाही.

तेवढ्यात आई. त्यांचं या सगळ्याकडं लक्षच नव्हतं. हात जोडून, डोळे मिटून बसलेल्या. थांबल्या होत्या, दरवर्षीसारख्या. म्हणाल्या, "शामू, म्हन."

हे घाईनं म्हणाले, आई, झाली प्रार्थना, आतच केली, भांड्यांवर.

आईंनी डोळे उघडले. "मी न्हवते ततं." आणि हात मांडीवर ठेवले. ताटाला लावले नाहीत. आई जेवत नाहीत म्हटल्यावर कोण जेवणार. माझ्या दोन्ही युक्त्या अशा ताटांमध्ये पडलेल्या, आणि मटणावर तेल थिजायला लागलं.

दादा उठले.

मला '५७ सालचं ते उठणं आठवलं, गुडघ्यावर हात ठेवून, तसंच. ह्यांनी मान खाली घातली. मी खांबाला धरलं. दादांनी ताट उचललं आणि बाहेर न जाता आत गेले, स्वयंपाकघरात. चुलीपाशी बसले. पळा घेऊन मटणाच्या भगुण्यातनं स्वतःच्या हातानं वाढून घेतलं, वांग्याच्या शेजारी. वांगी टाकली नाहीत. मग परत येऊन आईंच्या अगदी जवळ बसले.

म्हणाले, "आई, मला न्हाई म्हनता यायचं. तू म्हन. मी बसतो."

आईंनी उभ्या जन्मात चारचौघांत प्रार्थना केलेली नाही. बाया करत नाहीत आमच्यात पंगतीला. ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी मान हलवली. आईंनी डोक्यावरून पदर घेतला आणि कुणाशी तरी घरगुती बोलावं तशा बोलायला लागल्या.

"देवा, ही माजी दोन पोरं एका वळीला बसल्यात. म्हातारा न्हाई बघाया. पान्याचं बघ, लोकं लई दमल्यात. ह्या पोरीनं सकाळधरनं रांधलंय. कुनाला ताटावरनं उठाय लागू ने. एवडंच."

मग आमेन. सगळ्यांनी म्हटलं. दादांनी म्हटलं नाही. पण आईंचं होईस्तोवर त्यांनी हात अन्नाला लावला नाही, आणि झाल्यावर पहिला घास त्यांनी मोडला. मटणाचा. मी बघत होते.

जेवले. सगळे जेवले. भगुणं पुसून निघालं. मी मागाहून चुलीपाशी बसून रश्शाबरोबर भाकरी खाल्ली आणि मनसोक्त रडले. अक्का येऊन शेजारी बसल्या. वाटीत उरलेलं वांगं माझ्या भाकरीवर ठेवलं.

२३ एप्रिल

काल लिहायचं राहिलं. जेवणानंतर दोघं भाऊ कडुलिंबाखाली बसले. मला वाटलं आता निघणार सगळं. तर गल्लीच्या विहिरीविषयी बोलले. पाणी किती परस खाली गेलं, गाळ काढायचा तर कुणाला बोलवायचं. दोन तास विहीर. शेवटी दादा ह्यांना म्हणाले, तुझा चष्मा बदल, नंबर वाढलाय, ताट तोंडाजवळ नेतोस. बास.

निघताना मी पाया पडले. म्हटलं, दादा, चुकलं. ते म्हणाले, "चुकलीस खरी. पर वांगी झ्याक हुती." आणि मग सगळ्यांकडं बघून, "वैशाखी पुनवंला आमच्याकडं खीर आसती. समद्यांनी या."

आई लगेच, येते. अक्कांनी माझ्याकडं बघितलं, मी म्हटलं, येते. हे एस्टी आली का बघायला रस्त्यावर गेले.

२ मे, बुधवार

पंचांची सभा. हे उशिरा आले, पाण्याचा तांब्या तोंडाला लावून उभेच. विचारल्यावर थोडं थोडं सांगितलं. कुणीतरी काढलं की पंचाच्या घरी बाईमाणसानं प्रार्थना केली. ते मिटलं, पाळकसाहेबच म्हणाले की काही बिघडत नाही. मग दुसऱ्यानं विचारलं, पुनवेला तिकडं जाणार म्हणे? पाळकसाहेब म्हणाले, भावाकडं जायला कोण अडवतं. पण तिथं मूर्ती असणार, वंदन असणार. पंच तिथं हात जोडून बसला तर मी मंडळीला काय सांगू?

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"ठरलं नाही म्हणालो."

पंच म्हणून ह्यांना अकरा वर्षं झाली. चर्चचं छप्पर ह्यांनी उभं राहून बांधून घेतलं. मला ते काय तोलताहेत ते कळतं. मी जाच म्हणून म्हणाले नाही. जाऊ नका असंही म्हणाले नाही. माझ्या युक्त्यांनी एकदा झालं ते पुरे.

१६ मे, बुधवार

उद्या पुनव. ह्यांचं अजून काही नाही. आईंचं लुगडं धुऊन ठेवलं, धुवायला टँकरचं पाणी, शेजारणी बघत होत्या. आई सकाळपासून एकच विचारताहेत. तिथं जेवणाआधी ती माणसं त्यांचं काही म्हणणार, तेव्हा आपण काय करायचं?

म्हटलं, मला काय ठाऊक, मी कुठं गेलेय कधी. विचार करत बसल्या. मग म्हणाल्या, "त्यो माजं हुईस्तवर थांबला. मी बी थांबन. त्यात काय जातंय."

हे ओसरीवरच होते. सुट्टीतही काही ना काही तपासायला असतं त्यांना. पेन्सिल थांबलेली दिसली.

प्रेमानं सरळ विचारलं, बाबा, तुम्ही येणार? म्हणाले, उद्या बघू. रात्री पेटीतून धुतलेला सदरा काढून खुंटीला लावला. पण तो चर्चलाही घालतात, त्यावरून काही कळत नाही.

१७ मे, गुरुवार

पेन्सिलीनं लिहितेय, एस्टीत. गाडी उभीच आहे, कंडक्टर चहाला गेलाय.

घरून निघताना म्हटलं, येता ना? म्हणाले, तुम्ही व्हा पुढं, मी कुलूप लावतो. कुलूप लावायला किती वेळ लागतो. वळून बघितलं तेव्हा अंगणात उभे होते, सदरा अंगात, किल्ली हातात. कुलूप लावून येणार की आत जाऊन बसणार, लांबून कळेना. हाक मारावीशी वाटली. मारली नाही. मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि चालत राहिले.

गाडी भरत चाललीय. बेलापूरचा बाजारही आहे वाटतं, बायका टोपल्या घेऊन. मी आणि प्रेमा मागं. पुढच्या बाकावर आई खिडकीशी, आणि शेजारच्या जागेवर त्यांनी पदर पसरून ठेवलाय. तीन जणांनी विचारलं, म्हातारे, सरक की. तिघांना त्यांनी तेच सांगितलं.

"मानूस येतंय."

कंडक्टर आला. दार ओढून घेतोय.